प्राचार्य फादरांच्या नाकासमोरचा गोळा

विज्ञान शिकवणं म्हणजे काय अवघड आहे हो? समोरचा माणूस श्वास घेत असला म्हणजे पुरे, बाकी माझ्यावर सोडा! मी उंबरठ्यालासुद्धा गुरुत्वाकर्षण पटवून देऊ शकते, असं मी एकदा स्टाफरूममध्ये बशी आपटून सांगितलं होतं. बशी फुटली. पण तेही गुरुत्वाकर्षणच की!

आमचं कॉलेज ख्रिस्ती. इथे साहित्य, संगीत, इतिहास आणि धर्मशास्त्र असं सगळं शिकवतात, आणि यातलं काहीही शिकणाऱ्या प्रत्येकाला पदवी हवी असेल तर एक कोर्स पास व्हावाच लागतो. ‘सर्वांसाठी विज्ञान आणि गणित’. मुलं त्याला ‘सर्वांसाठी शिक्षा’ म्हणतात. तो शिकवायला कॉलेजने मला नेमलेलं.

तास जेवणानंतरचा. समोर कवी, गायक आणि उद्याचे धर्मगुरू असे तिन्ही प्रकारचे लोक माना टाकून बसलेले. धर्मशास्त्रवाल्यांचं एक बरं असतं. डोळे मिटले तरी प्रार्थना चाललीय असं समजून घेता येतं. पण कवींनी घोरावं?

उपप्राचार्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. ते इतिहासाचे. “ज्याला प्रवचन द्यायचंय त्याला लंबकाचं सूत्र कशाला हवं?” असं ते भेटेल त्याला विचारायचे. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत कोर्स बंद करायचा ठराव ते मांडणार होते. कोर्स बंद म्हणजे मी बंद! कारण माझी नेमणूक या कोर्सपुरतीच. प्राचार्य फादर मात्र न्यायी माणूस. ते म्हणाले, “ठरवण्याआधी मला मॅडमचा एक तास बघू द्या.”

बघाच म्हटलं! असा तास घेते की कवी कविता सोडून प्रयोगशाळेत मुक्काम टाकतील!

रात्री जेवताना मी घरी बेत सांगितला. उंच छताला दोर बांधायचा, खाली जड गोळा लटकवायचा, तो ओढून नाकाला टेकवायचा आणि सोडून द्यायचा.

“नाकाला टेकवून?” नवऱ्याचा घास हातातच राहिला. नवरा त्याच कॉलेजात संगीत शिकवतो.

“हो. तो पलीकडे जाणार आणि परत येणार.”

“नाकावर?”

“नाकापर्यंत. पण शिवणार नाही! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे.”

“तो नियम गोळ्याला ठाऊक आहे ना?”

आमच्या सासूबाई चर्चच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षा. लग्नात त्या कामचलाऊ असतात, पण अंत्यविधी म्हटला की त्यांच्यासारखी बाई पंचक्रोशीत नाही. माणसाचा शेवटचा श्वास आणि पहिली खुर्ची मांडणं, यांत त्या फारसं अंतर ठेवत नाहीत.

“नाक कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“माझं, आई.”

“मग हरकत नाही,” म्हणून त्यांनी ताक ओतून घेतलं.

एवढं उंच छत फक्त कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात होतं. आणि माझं नशीब बघा! चॅपेलच्या मागच्या कोपऱ्यात, मनोऱ्याखाली, छताच्या भोकातून एक जाडजूड दोर आयताच लोंबत होता. नवरा पेटीवर सूर लावत बसला होता. त्याला मी ओरडून विचारलं, “अहो, हा दोर कशाचा?”

“जुन्या झुंबराचा असेल. वाजवू दे गं!”

मी दोराला लोंबकळून पाहिलं. जरासुद्धा हलला नाही. मग क्रीडा विभागातून गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणला, फुटबॉलच्या जाळीत घातला आणि दोराला गच्च बांधला. आता तुम्ही म्हणाल, चॅपेलचा मनोरा आणि त्यातून लोंबणारा दोर, एवढं साधं कसं कळलं नाही? अहो, आमच्याकडे कित्येक वर्षं घंटा लाउडस्पीकरमधून वाजते! वर खरीखुरी घंटा आहे हे वटवाघळांखेरीज कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

तासाला चॅपेल गच्च भरलं. विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. मॅडमचं नाक फुटणार, ही बातमी पसरली होती. मी नियम समजावला, फळ्यावर आकृती काढली, आणि शूरासारखी गोळ्याकडे निघाले. तेवढ्यात प्राचार्य फादर उठले.

“मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. मी उभा राहतो.”

“फादर, तुम्ही कशाला!”

“आमच्या कामात दुसऱ्याला पुढे करून विश्वास सिद्ध होत नाही,” ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फादर उंचापुरे, आणि नाक तर असं की घडवताना देवाने हात जराही आखडता घेतलेला नाही. मला नियमाची खात्री होती. पण एवढ्या नाकाची नव्हती.

“गोळा मी सोडतो,” असं म्हणत उपप्राचार्यही पुढे आले.

“सर, फक्त सोडायचा हं! ढकलायचा नाही.”

“मला कळतं, मॅडम.”

त्यांनी गोळा फादरांच्या नाकाला टेकवला. आणि त्यांनी गोळा ढकलला! मुद्दाम नव्हे, पण ढकलला! पंचवीस वर्षं बैठका घेतलेला माणूस कुठलीही गोष्ट नुसती सोडूच शकत नाही.

गोळा सुसाट खाली आला आणि वरून आवाज आला... टण्ण!

सगळ्यांच्या माना वर. घंटा! माझ्या लोंबकळण्याने न हललेला वर्षानुवर्षांचा गंज या हिसक्याने सुटला होता. गोळा पलीकडच्या टोकाला जाऊन परत फिरला. पुन्हा टण्ण! फादरसुद्धा तोंड वर करून बघत होते. खाली पाहतात तो समोर गोळा, त्यांच्याच नाकाच्या रोखाने येणारा!

“फादर, खाली!” मी किंचाळले.

फादरांचे गुडघे मोडले, ते घसरत जमिनीवर गेले आणि चक्क उताणे झाले. नाक जिथे होतं त्याच्या चांगलं पुढेपर्यंत गोळा जाऊन आला. हाय रे देवा! नुसता सोडला असता तर शिवलाही नसता, पण हे आता सांगायचं कुणाला? फादर डोळे मिटून निपचित. त्यांच्या अंगावरून गोळ्याच्या फेऱ्या चालू. जवळ जावं तर गोळा, थांबावं तर वर टण्ण... टण्ण... टण्ण...

अशी थांबत थांबत वाजणारी घंटा ख्रिस्ती माणसाला एकच गोष्ट सांगते. कुणीतरी गेलं.

आधी ऑफिसातले कारकून धावत आले. मग ग्रंथपालबाई. मग कँटीनचा आचारी, हातात झारा घेऊन. शेजारच्या खोलीत नवऱ्याचा गायनवृंद सराव करत होता. घंटा ऐकताच नवऱ्याने पोरांना दोन रांगांत उभं केलं आणि अंत्यविधीचं गाणं म्हणतच आत आणलं. काय सूर लागले होते! एरवी लागत नाहीत.

आणि दारात सासूबाई! काळी साडी, काळी पर्स, मागे अख्खं भगिनी मंडळ. आमचं घर चॅपेलच्या भिंतीला लागून आहे हे खरं, पण माणूस तेवढ्यात साडी बदलतो कधी?

“कोण गेलं?”

“फादर!” मागून कुणीतरी हुंदका दिला.

“गेले नाहीत!” मी ओरडले. “आडवे झालेत नुसते! आई, हा लंबक आहे...”

“धक्का बसलाय पोरीला,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला असं कवटाळलं की माझं तोंड त्यांच्या खांद्यात रुतून बसलं. “रड, बाळा, रड. मी बिशपांना फोन केलाय.”

मी “लंबक! लंबक!” करत होते, पण बाहेर फक्त “अं... अं...” येत होतं. बायका आणखी रडल्या.

उपप्राचार्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा. गोळा त्यांनीच ढकलला होता ना! माणूस घाबरला की काही तरी करतो. ते भाषण करतात. त्यांनी माइक हातात घेतला.

“असा माणूस पुन्हा होणे नाही,” त्यांनी सुरुवात केली. टण्ण! “त्यांची विद्वत्ता... त्यांचं मोठं मन...” टण्ण! त्यांनी फादरांच्या साधेपणावर बोलून घेतलं, शिस्तीवर बोलून घेतलं, आवाजावरसुद्धा बोलून घेतलं. मग बहुधा मुद्दे संपले. “आणि त्यांची शेवटची इच्छा हीच होती,” ते गहिवरून म्हणाले, “की हा विज्ञान-गणिताचा कोर्स बंद व्हावा!”

“साफ खोटं!”

आवाज जमिनीवरून आला.

गोळा पलीकडे गेल्याची वेळ साधून फादर उठून बसले होते. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण चॅपेलमध्ये जे झालं ते काय सांगू! गायनवृंदातल्या वरच्या सुराच्या मुलींनी तोच सूर धरून किंकाळी फोडली. ग्रंथपालबाई आचाऱ्याच्या अंगावर कोसळल्या. उपप्राचार्यांच्या हातून माइक सुटला. धर्मशास्त्राची अख्खी रांग गुडघ्यांवर! सासूबाईंनी मला सोडलं, फादरांकडे बघितलं, मग पर्सकडे बघितलं, आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “अहो, पण मी फुलं सांगितलीत!”

शेवटी नवऱ्याने धावत जाऊन गोळ्याला मिठी मारली. गोळ्याने त्याला थोडं फिरवून आणलं, शेवटचा एक टण्ण झाला, आणि शांतता पसरली.

शांतता कसली! थोड्याच वेळात बिशपांची गाडी आली. दार उघडायला गेले स्वतः फादर.

“कोण गेलं?” बिशपांनी खाली मान घालून विचारलं.

“मी,” फादर म्हणाले.

बिशपांना पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी फादरांनी मला ऑफिसात बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहूनच गेले. माफी मागितली, रडले, लंबकाचं सूत्रही सांगितलं.

“फादर, तुम्हाला खूप लागलं का हो? इतका वेळ डोळे उघडले नाहीत तुम्ही!”

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. “पहिल्यांदा खरंच घाबरलो. मग वरून गोळा जात होता, उठणार कसा? आणि मग ते बोलायला लागले.” त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, स्वतःविषयी इतकं चांगलं ऐकायला मिळत असेल ना, तर फरशी तेवढी गार लागत नाही. हे बाहेर बोलू नका.”

बैठकीत ठराव आलाच नाही. मांडणारेच तोंड लपवत फिरत होते. कोर्स वाचला, मी वाचले! आणि पुढच्या सत्राला तर नावं नोंदवायला अशी झुंबड उडाली की वर्गात जादा बाकं आणावी लागली. दुसऱ्या कॉलेजांतून मुलं विचारायला आली! माझी छाती अशी फुगली की काय सांगू! विज्ञानाचा दिवा अखेर पेटला तर!

पहिल्या तासाला पुढच्या बाकावर एक मुलगी बसली होती. वही उघडलेली, डोळे लुकलुकणारे. मी कौतुकाने विचारलं, “तू का घेतलास गं हा कोर्स?”

“मॅडम, सगळे सांगतात ना,” ती आदराने म्हणाली, “या कोर्समध्ये मेलेला माणूस उठतो म्हणून.”

मी तिला सगळं समजावलं. घंटा, दोर, गोळा, गुडघे, फरशी. काही म्हणजे काही लपवलं नाही. तिने ते मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि हात जोडून विचारलं, “मग या वर्षी कुणाला उठवणार, मॅडम?”