कोंडीरामाचं बघण्यासारखं गाणं

गायचं तर गिरणीच्या साचेखात्यातच गायचं, असं कोंडीरामाने ठरवलं ते फार विचार करून. चारशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम खडखडायला लागले की तिथे शेजारी तोफ उडाली तरी माणूस धूर बघून ओळखणार. त्या खडखडाटात कोंडीराम बारा वर्षं बेंबीच्या देठापासून गायला आणि कुणाच्या बापाला ऐकू गेलं नाही. घरी मात्र आरतीतसुद्धा तो नुसत्या टाळ्या वाजवी. समोरच्या राधाबाई त्याच्या बायकोला, कौसल्येला, सरळ विचारत, "काय गं, तुझा मुका जेवला का?" कौसल्या हसे, पण तिला ते लागे.

एक गोष्ट कोंडीराम विसरला होता. साचेखात्यात कानाने कुणीच ऐकत नाही, सगळं बोलणं एकमेकांच्या ओठांवरून वाचतात. समोरच्या साच्यावरचा मालवणचा भिवा बारा वर्षं त्याचं गाणं अक्षरन् अक्षर वाचत आला होता.

मग लालबागच्या त्यांच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राची सभा ठरली. भाषणाआधी नेहमी गाणारे बाबुराव नेमके सत्याग्रहात आत गेलेले. कमिटी डोक्याला हात लावून बसली, तेव्हा भिवा म्हणाला, "आपलो कोंडीराम आसा मां! रोज गाता. गाणा पण सोता रचता."

"कोण, आमचे हे?" कौसल्या दारातूनच ओरडली.

"वैनी, माज्या डोळ्यांनी बघलंय!"

(गाणं डोळ्यांनी कसं बघितलं, हे विचारायला कमिटीला सवड नव्हती.)

कोंडीरामाने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कौसल्येने राधाबाईंकडे बघत आधीच सांगून टाकलं, "गातील! आणि डफसुद्धा वाजवतील." डफ त्याने जन्मात हातात धरला नव्हता. पण बायकोचा चेहरा इतका फुलला होता की त्याला 'नाही' म्हणवेना. शिवाय खरं सांगायचं तर, एकदा तरी आपला आवाज कुणाच्या कानी पडावा असं त्यालाही फार वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी पटांगण माणसांनी भरलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या वाकल्या. कोंडीराम डफ घेऊन माइकपुढे उभा राहिला आणि सगळे गप्प झाले. गिरणीला सुट्टी असतानाही त्याने इतकी शांतता ऐकली नव्हती. त्याने तोंड उघडलं, ओठ हलले, मान डोलली. आवाज तेवढा आला नाही.

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला. माइकवाल्याने धावत येऊन माइकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, वायर हलवली.

पुढच्या रांगेत मात्र साचेखात्यातली मंडळी बसली होती. ती ओठांवरून सगळं वाचून माना डोलावत होती. "वा, कोंडीराम, वा!" भिवाने तर मांडीवर थाप मारली.

"काय वा वा?" मागचे उखडले. "आम्ही काय बहिरे आहोत?"

"मेल्यांनो, गप बसा! दुसरा कडवा चालू झाला!" भिवा मागे वळून ओरडला.

राधाबाई पदराआड हसायला लागल्या. ते बघून कौसल्या उठली. वक्त्यांना ओवाळायला आणलेलं पितळी तबक तिच्या हातात होतं. निरांजन तिने राधाबाईंच्याच हातात दिलं आणि पळी घेऊन तबक बडवायला सुरुवात केली. खडखड, खडखड! नवऱ्याचा गळा कशावर चालतो, हे पुढच्या रांगेकडे बघून तिच्या ध्यानात आलं होतं. बायांनी डबे घेतले, पोरांनी कठडे बडवले. बघता बघता पटांगणाचं साचेखातं झालं.

कोंडीरामाने डोळे मिटले. आता त्याला कोण ऐकतंय! त्याने छाती भरून घेतली आणि डफावर थाप मारली.

"धोटा धावे, सूत विणे, मुंबई माझ्या हाताची!"

कौसल्येने हात वर केला. तबक थांबलं, डबे थांबले, कठडे थांबले. कोंडीरामाला पत्ताच नव्हता. त्याचा खणखणीत आवाज एकटाच तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. सूर जरा इकडे तिकडे होत होता, पण जोर असा की माइकवाल्याने घाबरून माइकच काढून घेतला. तिसऱ्या कडव्याला त्याने डोळे उघडले. सगळीकडे शांतता! समोर कौसल्या पोचे पडलेलं तबक छातीशी धरून रडत होती, आणि तिच्याएवढी ताठ मान त्या पटांगणात दुसरी नव्हती. मग कोंडीराम थांबला नाही. गाणं संपलं आणि "झालाच पाहिजे!"चा असा गजर उठला की वक्त्यांना दहा मिनिटं बोलताच येईना.

"काय हो राधाबाई," कौसल्येने निरांजन परत घेताना विचारलं, "मुक्याला जेवायला घेऊन जाऊ ना?"

सोमवारी कोंडीराम साच्यावर मानकऱ्यासारखा उभा राहिला. साचे सुरू झाले, त्याने गाणं सुरू केलं. समोरून भिवाने हात जोडले आणि ओठ सावकाश हलवले. कोंडीरामाने वाचलं.

"बारा वर्सां तुझा गाणा काय गोड वाटत होता रे! आता नुसता बघितला तरी आयकाक येता."