पेरूच्या भज्यांचा पत्ता

साळुंकेकाकांना पत्ता विचारू नये. ते सोबत येतात. आमच्या कॉलनीत एका गृहस्थाने गुलमंडीचा रस्ता विचारला, तर काकांनी पायात चपला सरकवल्या, त्याच्याच स्कूटरवर मागे बसले आणि दुपारी रिक्षाने परतले. "आलेला माणूस माघारी जाता कामा नाय," हे त्यांचं ब्रीद.

भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर काकांनी इंटरनेटवर एक विकी काढली. आपल्याकडचे शब्द, पदार्थ. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून तिची देखभाल माझ्या गळ्यात. यंदा ती जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली आणि सगळ्या पानांचे पत्ते बदलले. काकांचा हट्ट एकच, जुना पत्ता दाबणाराही नव्या पानावर पोचला पाहिजे.

"काका, जुन्या पत्त्यांवर येतंय कोण?"

"तू सगळ्यांला वळखतो व्हय?"

मी निमूटपणे शेकडो पत्ते जोडले. एक मात्र मुद्दाम गाळला: 'पेरूची-भजी'. पान होतं पेरूच्या भाजीचं, पत्ता लिहिताना काकांनी आधी काना खाल्लेला, मग बरोबर पत्ताही दिलेला. पेरूची भजी जगात कोण तळतं?

संध्याकाळी काका दारात हजर. "भजी कुठंयत?"

"बसा ना, आत्ता बेसन कालवते," आमची ही म्हणाली.

काका हसले नाहीत. तेव्हा मी घाबरलो.

ती कृती त्यांच्या थोरल्या बहिणीने, दौलताबादच्या अक्काने सांगितलेली, काकांनी लिहिलेली; पानावर वरच तिचं नाव. तो चुकलेला पत्ता काकांनी फक्त तिच्याच मोबाइलवर पाठवला होता, दुसऱ्या कुणाकडे तो नाही. पुढे काकांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत अक्काचं नाव छापायचं राहिलं. मजकूर तपासणारे अर्थात काकाच. तेव्हापासून चार वर्षं दोघांचं बोलणं बंद. पण रोज सकाळी सातच्या सुमाराला त्या पत्त्यावर कुणीतरी येऊन जातं. काका विकीच्या नोंदीत ते बघतात, मगच चहा घेतात.

"उद्या तिला पान दिसलं नाय, तर म्हणंल, भावानं हितूनबी नाव काढलं माझं."

मला माझीच लाज वाटली. तिथल्या तिथे पत्ता जोडला, तीनदा दाबून पाहिला.

सकाळी आम्ही दोघं स्क्रीनसमोर. सात वाजून दहा मिनिटांनी नोंद उमटली.

"उठली अक्का," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाही फार बरं वाटलं.

"एवढं रोज काय वाचतात हो त्या?"

"कृती तर तिला तोंडपाठ हाय," काका चष्मा पुसत म्हणाले. "खाली लिहिणाराचं नाव हाय ना."