केंजळेकाकांनी पसंत केलेलं झाड

आमचे केंजळेकाका फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या खिशात ओळंबा असतो. गवंडी भिंतीला लावतात तो, दोरीला लटकवलेला पितळी गोळा. इथे परदेशात, आमच्या उइटहॉर्न गावच्या रस्त्यावर रॉबिनियाचं झाड दिसलं की काका सायकल लावतात, एक डोळा मिटतात आणि ओळंबा खोडासमोर धरून उभे राहतात. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी काळजीने विचारपूस केली, तर त्यांच्याच हातात दोरी देऊन काका लांबून बघायला गेले.

रॉबिनिया म्हणजे बाभळीसारखे काटे आणि हादग्याच्या धाकट्या भावंडांसारखी पांढरी फुलं. लाकूड असं, की खांब जमिनीत पुरला तरी वर्षानुवर्षं कुजत नाही. मध पाण्यासारखा नितळ. पण काकांच्या मते ज्याचं खोड सरळ त्याला फुलं बेताची, आणि ज्यावर मधमाश्या तुटून पडतात ते नेमकं वाकडंतिकडं. त्यांना दोन्ही गुण एकाच झाडात हवे होते. अकरा वर्षं शोध चालला होता.

माझ्याच ऑफिसात ते सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे नापसंतीचा हात सढळ. बहरात घडीच्या स्टुलावर बसून फांदीवरच्या मधमाश्या मोजायचे, फूल चावून बघायचे आणि वहीत लिहायचे, "सरळ आहे, पण गोड नाही. रिजेक्ट." माणसांनाही हीच मोजपट्टी. मला म्हणायचे, "तू गोड आहेस रे समीर, पण..." पुढचं ते माझ्या बायकोच्या, मृदुलाच्या, पोह्यांसाठी गिळायचे.

लाकूड मिळायला तीस वर्षं लागतात आणि काका छप्पन्नचे. मृदुलाने एकदा हे गणित त्यांना ऐकवलं. "असू दे की," काका म्हणाले, "माझ्या तेराव्याला पाट तर लागतीलच!"

गेल्या उन्हाळ्यात झाड सापडलं. कालव्याकाठी, ओळंब्यासारखं सरळ, आणि बाकीच्यांचा बहर संपला तरी गुणगुणणारं. काका पेढे घेऊन आले. पण तिथला रस्ता रुंद होणार होता आणि खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, फेब्रुवारीत ते झाड पाडणार होती. बियांवर भरवसा नसतो; मुळाचा तुकडा लावला तरच तेच झाड उगवतं. पत्रांवर पत्रं लिहून काकांनी परवानगी मिळवली. पाडायच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या वेळात मुळं काढून घ्या, मग मशीन येईल. जवळच्या नीउ-व्हेनेप गावातल्या एका मधपाळाने शेताच्या कडेला जागा दिली. काकांनी नवी कुदळ आणली आणि ती आम्हाला दाखवूनही गेले.

झाड पाडायच्या त्याच सकाळी सव्वासातला मृदुलाला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधीच. तिची आई अजून पुण्यात, आणि आमची तीन वर्षांची इरा झोपलेली. मी फोन लावला तो काकांना. आज कोणता दिवस आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"निघालो," एवढंच ते म्हणाले. दहा मिनिटांत हजर. सायकलला कुदळ बांधलेली होती. ती मला दिसली, पण उमगली नाही.

दुपारी मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मी कालव्यावरून जात होतो, तर झाडाच्या जागी नुसता खड्डा. तेव्हा आठवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच काकांकडे गेलो.

"काका, एक शब्द बोलला असतात तर? मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं असतं!"

काका चहा गाळत होते. "बोललो असतो तर तू घुटमळला असतास."

मग बराच वेळ ते गाळणीच झटकत राहिले.

"आमची सायली झाली तेव्हा मी इथे रिलीजमध्ये अडकलो होतो. सात महिन्यांची झाल्यावर पाहिली तिला. मला बघून भोकाड पसरलं तिने. पुढे तिची शाळा, कॉलेज... ती आणि तिची आई नाशिकलाच राहिल्या. मी आपला सुट्टीतला पाहुणा." त्यांनी गाळणी ठेवली. "परवा इरा उठली. आई नाही बघून रडायला लागली. मला वाटलं, आता ही मला घाबरणार. तर रडत रडत माझ्याच कडेवर आली आणि खांद्यावर झोपून गेली. दोन तास मी बसलो नाही रे, उठेल म्हणून. रडणारं मूल माझ्याकडे आलं, हे पहिल्यांदाच. तुमचे उपकार झाले."

मी माफी मागायला गेलो होतो आणि इथे तेच माझे आभार मानत होते. मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

"अरे, चहा सांडेल," काका म्हणाले, आणि साखरेचा डबा शोधायच्या निमित्ताने पाठमोरे झाले.