माझ्या नावाचं फूल

माझं नाव अमर होणार याबद्दल मला कधीच शंका नव्हती. ते कशाला चिकटून अमर होणार, एवढंच ठरायचं बाकी होतं. आणि नेमका तिथेच घात झाला!

मी संग्रहालयात पालींचं काम बघतो. पाली म्हटल्याबरोबर तुम्ही नाक मुरडलंत, मला माहीत आहे! माझ्या सासूबाईही मुरडतात. पण दूरच्या एखाद्या दमट बेटावर चिखल तुडवत फिरावं, जळवांना फुकट रक्त पाजावं आणि शेवटी एका दगडाखालून आजवर कुणीही न पाहिलेली पाल निघावी, यातला आनंद नाक मुरडणाऱ्यांना काय कळणार? यंदाच्या मोहिमेत मला अशी पाल मिळाली. काय तिचं रूप! हिरवीगार पाठ, गळ्याखाली केशरी पट्टा, सोनेरी डोळे. सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "मेलेली आहे ना? मग छान आहे."

आता, नवी जात सापडली की तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. पण स्वतःचं नाव द्यायचं नाही! तशी बंदी नाही कुणाची, पण आमच्यात ते बरं दिसत नाही. स्वतःच हार विकत आणून स्वतःच्याच गळ्यात घालण्यातला प्रकार तो. लोक तोंडावर वाहवा करतात आणि पाठ वळली की फिदीफिदी हसतात. त्यामुळे अमर व्हायचं तर दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. म्हणून आमच्या धंद्यात सगळं साट्यालोट्यावर चालतं.

माझं साटंलोटं होतं वनस्पती विभागातल्या माझ्या जुन्या मित्राशी. सगळं संग्रहालय त्याला पालापाचोळा म्हणतं. बेटावर आम्ही एकाच तंबूत राहिलो होतो. परतीच्या बोटीत मी म्हटलं, "माझ्या पालीला तुझं नाव देतो."

"मग माझ्या झाडाला तुझं!" तो म्हणाला.

तेव्हा त्याच्या मांडीवर ऑर्किडचं रोप होतं. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि आत जांभळा शिडकावा. त्या फुलाकडे बघता बघता माझे डोळे पाण्याने भरले. मला बोट लागली होती असं तो सांगत फिरतो, पण ते साफ खोटं आहे!

आल्या आल्या मी ही बातमी जगाला सांगितली. जग म्हणजे बायको, सासूबाई, लिफ्टमन, संचालक आणि स्वागतकक्षातल्या बाई. "माझ्या नावाचं फूल येतंय!" बायको म्हणाली, "तुमच्या नावाचं? काटे आहेत का त्याला?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. थोर माणसांना घरात किंमत नसतेच.

मी माझा शब्द लगेच पाळला. पालीवरचा लेख लिहून टाकला. अशा लेखाच्या शेवटी 'नावामागचं कारण' असा एक परिच्छेद असतो. त्यात मी साखर घालून घालून लिहिलं, की निर्मळ मैत्री, अथांग ज्ञान आणि सौजन्य यांचा संगम असलेल्या माझ्या मित्राचं नाव या देखण्या प्राण्याला देताना मला धन्यता वाटते. लेख नियतकालिकाच्या संपादिकाबाईंकडे रवाना झाला. पालापाचोळ्याचं मात्र सगळं सावकाश. त्याला एका देठाचं वर्णन करायला पंधरवडा लागतो.

आणि मग ती सकाळ उजाडली.

मी लिफ्टमध्ये शिरलो तर लिफ्टमनने नाकाला रुमाल लावलेला. तो रुमालाआडून म्हणाला, "अभिनंदन साहेब! उमललं तुमचं फूल!"

"आणि हा वास कसला येतोय? उंदीर मेलाय का कुठे?"

"तोच तर साहेब. तुमचं फूल!"

वरच्या मजल्यावर संचालक भेटले. ते खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत होते. "या, या! तुमच्या नावाची वनस्पती म्हणजे आपल्या संग्रहालयाची शान! फक्त तिच्या खोलीचं दार तेवढं लावून घ्या. माझी सकाळची कॉफी वाया गेली."

मी धावतच पालापाचोळ्याच्या खोलीत गेलो. तो जागेवर नव्हता. टेबलावर एक कुंडी होती आणि कुंडीत ते होतं! सुरणाच्या भाऊबंदांपैकी काहीतरी. कच्च्या काळजाच्या रंगाचं, सुरकुतलेलं, मध्ये एक जाडजूड फोफसा दांडा, आणि त्याच्याभोवती माश्यांची जत्रा! वास असा, की माझा चष्मा धुरकट झाल्यासारखा वाटला. बोटीत ऑर्किड दाखवून मला झुलवलं आणि गळ्यात हे बांधलं! आता जगाच्या अंतापर्यंत विद्यार्थी माझं नाव घेणार आणि नाक धरणार!

माझं डोकं फिरलं. मी तडक संपादिकाबाईंना फोन लावला.

"बाई, माझ्या पालीचा लेख छापून झाला का?"

"नाही, आज संध्याकाळी जातोय. का? नाव बदलायचंय?"

"नाव तेच राहू द्या. कारण बदलायचंय! घ्या लिहून. ही पाल दिवसभर एका जागी तोंड उघडं टाकून पडलेली असते. काम दिसलं की शेपूट टाकून पळते. जवळ आपोआप येतील तेवढ्याच किड्यांवर जगते. या सर्व बाबतींत माझ्या सहकाऱ्याशी तिचं विलक्षण साम्य आढळल्यामुळे तिला त्याचं नाव देण्यात येत आहे."

बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "हे शास्त्रीय आहे ना?"

"प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेलं आहे! आम्ही एका तंबूत राहिलो आहोत!"

"एकदा छापलं की शब्दही बदलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शे-दोनशे वर्षांनीही लोक हेच वाचतील."

"वाचू द्या! वाचलंच पाहिजे!"

त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

दोन दिवसांनी पालापाचोळा माझ्या खोलीत आला. दात दुखतो म्हणून रजेवर होता म्हणे. एक गाल टम्म सुजलेला, तरी चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्याने टेबलावर एक भलं मोठं चित्र उलगडलं. तेच ऑर्किड! पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आत जांभळा शिडकावा. आणि खाली, वळणदार अक्षरांत, माझं नाव!

"चित्रकाराकडून मुद्दाम काढून घेतलं," तो म्हणाला. "घरी लाव. वहिनींना आवडेल."

मी चित्रावरची नजर न काढता विचारलं, "आणि... ते वासाचं?"

"ते सुरण होय? त्याचा वास दोन दिवसांत जातो. त्याला बेटाचंच नाव देऊन टाकणार आहे. वेडा आहेस का! मित्राचं नाव असल्या घाणीला कोण देईल?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, 'आलोच' म्हणालो आणि जिन्याखालच्या फोनकडे पळालो.

"छापलं ना!" संपादिकाबाई आनंदाने म्हणाल्या. "अहो, तुमचा तो परिच्छेद आम्हा सगळ्यांना इतका आवडला, की पहिल्याच पानावर चौकटीत घेतला!"

मी हात-पाय गाळले नाहीत. ग्रंथालयातला अंक उचलून शर्टाच्या आत घातला. संचालकांच्या टेबलावरचा अंक पालींच्या बरण्यांमागे दडवला. स्वागतकक्षातला तर मी त्या बाईंच्या हातातून, त्या वाचत असताना, ओढून घेतला. पण ज्याचं नाव दिलं जातं त्याला एक अंक घरपोच पाठवायचा, अशी आमच्यात रीत आहे. कुणी काढली ही रीत? आणि का?

उपाहारगृहात शिरलो तर पालापाचोळा अंक उघडून बसलेला. सुजलेल्या गालाने तो हळूहळू, शब्द न् शब्द मोठ्याने वाचत होता. सगळी टेबलं कान देऊन ऐकत होती.

"तोंड उघडं टाकून?" त्याने मान वर करून मला विचारलं.

"अरे, ते झोपेतलं निरीक्षण आहे!"

"काम दिसलं की पळते?"

"तो भाग फक्त पालीचा आहे!"

त्याने अंकाची नीट घडी घातली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "माझा लेख अजून छापायचाय."

मी गयावया केली. गैरसमज झाला म्हणून सांगितलं. अहो, लिफ्टमनने सांगितलं, संचालकांनी सांगितलं, मग माझा काय दोष? इतक्या वर्षांची मैत्री, आणि माणसाला एक परिच्छेद माफ करता येऊ नये? याला मी कोतेपणा म्हणतो!

त्याचा लेख आला. सुरणाला माझं नाव! 'नावामागचं कारण' या परिच्छेदात एकच ओळ: "संग्रहालयात सर्वांना ठाऊक आहे." ऑर्किडला माझ्या बायकोचं नाव, कारण वहिनींचा यात काही अपराध नाही. चित्रावरचं नाव खोडून तिचं घालून दिलं, तेही फुकट. संचालकांनी दोन्ही झाडं काचघरात शेजारी शेजारी ठेवलीत. लोक तिच्यापाशी फोटो काढतात आणि माझ्यापाशी येताच भरभर पुढे सरकतात.

मी आठवडाभर घरात हेच बोलत होतो. जेवताना बोलत होतो, अंघोळ करताना आतून ओरडून बोलत होतो. बायको भिंतीवर ऑर्किडचं चित्र टांगत होती.

"तू तरी सांग!" मी म्हणालो. "खरं सांग. मी आणि ते सुरण, आमच्यात काही म्हणजे काही साम्य आहे का?"

तिने खिळ्यावर चित्र सरळ केलं, चार पावलं मागे येऊन बघितलं आणि म्हणाली,

"छे हो! ते दोन दिवसांत शांत होतं."