इंगळेकाका आणि जगाची बेरीज

आमच्या गल्लीतल्या खांबावरचा बंद दिवा महापालिकेच्या माणसाने एकदाचा बदलला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. शेजारचे इंगळेकाका मात्र हात मागे बांधून खांबाखाली उभे राहिले आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाले, "गड्या, जगातल्या तमाम सरकारांच्या खर्चात तू आत्ता भर टाकली. समजून राह्यलं काय?" तो बिचारा घाईघाईने उतरला. त्याला वाटलं, तक्रार झाली.

इंगळेकाका अमरावतीतल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झाले. तिथे त्यांना एकच ध्यास लागला. सरकार रोजच्या कामावर जे खर्चून टाकतं, म्हणजे मास्तरांचे पगार, नर्सचे पगार, खडू, फायली, ते आपल्या देशाचं किती आणि साऱ्या जगाचं मिळून किती? त्यामुळे काहीही दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न, "हे बेरजेत येते काय?"

बेरजेचे नियम कडक. खड्डा बुजवला तर येतो. नवा रस्ता बांधला तर नाही, ती गुंतवणूक. म्हणून आमच्या सिमेंट रस्त्याच्या उद्घाटनाचा पेढासुद्धा त्यांनी घेतला नाही. "हे आमच्या बेरजेतलं नाही, मॅडम." मी महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका, म्हणजे पगारापुरती बेरजेत, म्हणून मला ते उठून नमस्कार करतात. माझ्या यजमानांचं कापडाचं दुकान आहे. त्यांना बसल्या बसल्या. काका स्वतः आता पेन्शनवर आहेत आणि पेन्शन बेरजेत येत नाही. तो विषय आम्ही काढत नाही.

मोर्शीच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत संत्रं सोललं. "हा जगातल्या साऱ्या सरकारांचा खर्च. आता आपल्या देशाचा हिस्सा पाहा." एका फोडीचा कोपरा तोडून त्यांनी तोंडात टाकला आणि उरलेलं संत्रं माझ्या यजमानांपुढे ठेवलं. "हे परदेशाचं. तुमी खा." यजमानांनी खाल्लं. दुकानदार माणूस.

गेल्या हिवाळ्यात काका न्हाणीघरात घसरले आणि डावं मनगट मोडलं. विमलकाकू जाऊन तीन वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. त्यांची लेक रेखा अकोल्याहून धावत आली. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. चला." काका हलायला तयार नाहीत. गल्लीत सगळ्यांना वाटलं, लेकीच्या घरचं पाणी न पिण्याची जुनी तऱ्हा असेल. चार दिवसांनी रेखाला परतावं लागलं. जाताना मला म्हणाली, "ताई, तुमीच समजावा. पुन्हा पडले तं उचलाले कोण आहे?"

रविवारी डबा घेऊन मी गेले. "काका, अकोल्याले जायले काय झालं तुम्हाले?"

"तिथलं ऊन सोसत नाही."

"आपलं काय महाबळेश्वर आहे?"

मी वरणभात कालवून चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला. दोन घास खाऊन म्हणाले, "विमल धारणीले नर्स होती, तुम्हाले माहीत आहे. जीपनं फिरून परक्यांची बाळंतपणं केली तिनं. सारं बेरजेत आलं. रिटायर होऊन घरी आली अन् मले टायफॉइड झाला. महिनाभर माझं अंग पुसणं, औषध, पेज, सारं तिनंच केलं. काम तेच, हात तेच. एक दिवस इचारते, 'माझं हे धरता का हो कुठं?' मी मनलं, 'नाही. घरातलं धरत नाहीत.'"

"मग?"

"हसली. मने, 'नियम तं नियम.'" त्यांनी चमचा खाली ठेवला. "रेखाची सासू अंथरुणाले खिळली. रेखा तिचं करते, पोरांचं करते. आता मी तिसरा जाऊन बसू? एकीचे कष्ट बिनहिशेबी खाल्ले, आता दुसरीचे खाऊ काय?"

अशा वेळी गोड काय बोलावं ते मला सुचत नाही. कामाचं सुचतं. "मग बसू नका तिथं. काम करा."

"मले काय येते?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी खरोखर विचार केला. "भागाकार."

"भागाकारानं वरण शिजत नाही. प्लास्टर निघालं की सकाळी सातला माझ्या स्वयंपाकघरात या."

आले. ऐन सातला, वही घेऊन. पहिल्या दिवशी त्यांचं वरण सुरीने कापता आलं असतं. "पाणी किती?" "अंदाजानं." "कोणाच्या अंदाजानं?" असं तीन आठवडे चाललं. बाई, माझी निम्मी डाळ त्यात गेली. चौथ्या आठवड्यात काकांनी घराला कुलूप लावलं, किल्ली मला दिली आणि अकोल्याची बस धरली.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत रेखाचा फोन आला. मला वाटलं, पडले.

"नाही ताई, चांगले आहेत. बाबा सकाळी माझ्याआधी उठते. सासूबाईले बशीनं चहा पाजते. सासूबाई आधी लाजल्या, व्याह्याच्या हातचं कसं प्यावं मने. आता वाट पाहते. मंग बाबा मले कप देते अन् मनते, तू बस. चहा कसा असते ते इचारू नका. पण ताई, लग्न होऊन या घरात आल्यापासून मी पह्यल्यांदा गरम चहा पेली."

मी "बरं" म्हणाले. घंटा झाली होती, फोन ठेवला.