महाराजांचा डबा

मेलेला रातकिडा आणि गारठलेला रातकिडा यांतला फरक कानवाल्या काकांना कोणी शिकवला नव्हता. त्यामुळे दवाखान्याच्या काउंटरवर खोकं उघडून त्यांनी आत पाहिलं, तेव्हा त्यांच्या मते तिथे पाचशे मढी पडली होती. पाय आभाळाकडे, मिशा आडव्या. सोबत ऊब राहावी म्हणून ठेवलेली गरम पुडी दगडासारखी थंडगार.

काकांनी किडेवाल्याला फोन लावला.

"सगळे मेलेत."

"मेले नाहीत, काका. गारठलेत. बाहेर थंडी बघा केवढी आहे. दोन-तीन तास उबेत ठेवा, मग बोला."

"अहो, पाय वर आहेत त्यांचे."

"असू देत. सरळ होतील. मोठे मागवलेत ना तुम्ही? लहान का नाही घेतले? मोठे म्हणजे मग ते..."

"खाणारा मोठा आहे," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. दुकानदाराचं पूर्ण वाक्य ऐकून घेतलं की खिसा हलका होतो, असा त्यांचा अनुभव होता.

खाणारा म्हणजे लेकीचा सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि चेहऱ्यावर सगळं जग बघून झाल्याचा भाव. म्हणून घरात त्याला महाराज म्हणत. लेक पंधरा दिवस परगावी गेली आणि महाराजांना काकांच्या हवाली करून गेली. तेवढ्यात गारठा पडला, डब्यातले जुने किडे मेले, गावातल्या दुकानातलेही मेले, आणि महाराजांनी अन्नत्याग केला. हललं नाही ते खायचं नाही, हा त्यांचा बाणा. काकांच्या बायकोने भाज्या बारीक चिरून पुढे ठेवल्या, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. आज सहावा दिवस. पाठीचा कणा मोजता येत होता. आणखी तीन दिवस असेच गेले तर हाती लागणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. लेक रोज फोनवर विचारी, "बाबा, जेवला का?" आणि काका रोज सांगत, "आज जरा बेतानेच."

तेव्हा ऊब हवी होती. दवाखान्यात सगळ्यांत उबदार जागा म्हणजे काकांचीच आवाजबंद खोली. कपाटाएवढी, चारी भिंतींना जाड स्पंज, कोपऱ्यात हीटर. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून काचेतून बघत बारीकबारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काका बावीस वर्षं हेच करत होते. त्यांनी खोकं रुग्णाच्या खुर्चीखाली सरकवलं आणि झाकण बोटभर उघडं ठेवलं. बंद ठेवलं तर ऊब आत शिरणार कुठून?

पहिले आले एक आजोबा, सुनेचा हात धरून. त्यांनी बटण एकदाही दाबलं नाही. खोलीतून बाहेर येऊन म्हणाले, "छान शांत आहे." त्यांच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

दुसऱ्या आल्या त्या गाण्याच्या बाई. त्यांनी बटण सोडलंच नाही.

"बाई, मी अजून आवाज सोडलेला नाही."

"मग हा कोण लावतोय? रातकिड्यासारखा आहे. सूर मात्र पक्का."

"तो तुमच्या कानातला," काका मायेने म्हणाले. बावीस वर्षांत शेकडो लोकांनी त्यांना कानात रातकिडे ओरडतात असं सांगितलं होतं, आणि शेकडोंना त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. "वयाने होतं. सवय करून घ्यायची."

बाईंनी बटण खाली ठेवलं. त्यांना वयाचं ऐकू आलं होतं.

तिसरा बसचालक, दाखल्यासाठी आलेला.

"साहेब, या खोलीत रातकिडा आहे."

"खोलीत नाही. कानात आहे."

"कानात असता तर हेडफोन घातल्यावर कमी कसा झाला असता? काढला की वाढतो. बघा, तुम्हीच बघा."

"असं वाटतं," काका म्हणाले आणि कागदावर लिहिलं : रुग्ण वाद घालतो.

दुपारपर्यंत पाच कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेले. पाचांतल्या चौघांच्या कानांत रातकिडे. "साथ आली की काय?" म्हणत त्या स्वतः उठून आल्या आणि त्यांनी आवाजबंद खोलीचं दार उघडलं. खोकं रिकामं होतं. स्पंजाच्या खाचाखाचांतून मिशा डोलत होत्या.

"महाराजांसाठी आणलेत," काका ओशाळून म्हणाले. "पण त्रास नाही हो काही. बघा ना, किती गप्प बसलेत बिचारे."

"गप्प?" डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत खोली मोकळी हवी मला."

पकडायला गेलं की रातकिडा खाचेत शिरे. तासाभरात काकांच्या हाती सात किडे आणि स्पंजाचे तीन तुकडे आले. शेवटी त्यांनी घरी फोन केला, आणि बायको महाराजांना शालीत गुंडाळून घेऊन आली.

"माझ्या बाबांना सांगितलं होतं, मुलगा कान तपासतो. सरड्याची पंगत बसवतो हे कोणी बोललं नाही."

काका महाराजांना मांडीवर घेऊन आत बसले. बाहेर काचेशी डॉक्टरीणबाई, काउंटरवरच्या ताई आणि बायको. मधला स्पीकर चालू होता.

महाराजांनी एक डोळा उघडला. मान डावीकडे वळली. जीभ गेली आणि आली. सहा दिवसांनी त्या दाढीखालून पहिला घास उतरला. काकांचा जीव भांड्यात पडला. मग मान उजवीकडे. मग वर. काका महाराजांच्या मानेमागे मान वळवून बघत होते. काचेपलीकडच्या तिघी मात्र महाराजांच्याही आधी वळत होत्या.

"आता हीटरमागे," ताई म्हणाल्या. महाराज हीटरकडे वळले.

"तुम्हाला आधीच कसं कळतं?" काकांनी विचारलं.

"आवाजावरून," बायको म्हणाली.

"कसला आवाज?"

डॉक्टरीणबाई मशीनसमोर बसल्या. "आत बसलाच आहात, तर हेडफोन घाला."

सरडा मांडीवर, बटण हातात. जाड आवाजांना काकांनी फटाफट बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले आणि मग नाहीसेच झाले. काचेतून त्यांना डॉक्टरीणबाईंचा हात खुंटी फिरवताना दिसत होता. हात हलला की बटण दाबायचं, कोणाला कळणार होतं? अंगठा शिवशिवला. पण काकांनी तो महाराजांच्या पाठीवर ठेवला. खुंटी शेवटापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. तो चेहरा काकांच्या ओळखीचा होता. बावीस वर्षं तो त्यांनीच लोकांना दाखवला होता.

"वयाने होतं," स्पीकरमधून आवाज आला. "कानाला मशीन लावून घ्या."

उरलेले किडे तिघींनी आवाजाच्या मागावर राहून संध्याकाळपर्यंत खोक्यात भरले. घरी परतताना भाड्याच्या गाडीत लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवला का?"

"चौदा खाल्ले. आता झोपलाय."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मला फसवताय. मोठे रातकिडे मागवलेत का? उरलेले घरी नेताय? आई कटकट करेल हं. डोकं उठवतात ते."

"छे गं," काका म्हणाले. "इतके गुणी किडे मी पाहिले नाहीत. दिवसभरात एकानेही तोंड उघडलं नाही."

शेजारी बायको मांडीवरच्या खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसली होती. ड्रायव्हरने तिसऱ्यांदा गाडी थांबवून इंजिनाखाली वाकून पाहिलं.