'आपला आवाज' गटाचं कुलूप

एका जंगलात, जिथे रेंज फक्त पाणवठ्यावरच्या वडाखाली मिळायची, डॉक्टर बगळे राहत असत. घाबरू नका मुलांनो, सुईवाले डॉक्टर नव्हेत. प्रबंधवाले.

त्यांचा विषय होता, अपंग प्राण्यांना पाणवठ्यावर उतरता यावं म्हणून काय करावं?

"अपंगांवरचं संशोधन अपंगांना बरोबर घेऊनच!" असं जाहीर करून त्यांनी मोबाइलवर गट काढला. नाव ठेवलं 'आपला आवाज'.

गटात तीन पायांची हरिणी रेवती आली. तिला पाणवठ्याची दरड उतरता येत नसे. ती वरच्या डबक्यातलं पाणी प्यायची, आणि ते डबकं आता परातीएवढं उरलं होतं. दृष्टी गेलेले साळिंदर भिकूकाकाही आले. त्यांचा मोबाइल त्यांना सगळं वाचून दाखवायचा.

"मला तुमचं दुःख कळतं," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहिलं. "मी स्वतः रोज चार तास एका पायावर उभा असतो."

मग त्यांनी प्रश्नावली पाठवली. कागदाचा फोटो काढून.

भिकूकाकांचा मोबाइल म्हणाला, "चित्र."

"कसलं चित्र गं, पोरी?"

"प्रश्न आहेत, काका. पायऱ्या वीस हव्यात की तीस?"

"अगं, पण तुला तर उतार हवा! लिही की तसं!"

रेवती लिहायला गेली. खाली बारीक अक्षरांत होतं, या गटात फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात.

आठवडा गेला. परातीची वाटी झाली. डॉक्टरांनी अहवालात नोंदवलं, 'सदस्यांशी सविस्तर चर्चा. एकही आक्षेप नाही. तीस पायऱ्या मंजूर.'

त्या दुपारी ते वडाखाली बसून गटाचं नाव आणखी लांब करत होते. इतक्यात खाली पाण्यात मासा चमकला. डॉक्टर झेपावले, आणि जाता जाता त्यांचं नख भलत्याच बटणावर पडलं.

भिकूकाकांचा मोबाइल म्हणाला, "आता सर्व सदस्य संदेश पाठवू शकतात."

काका इतके दचकले की त्यांचे सगळे काटे उभे राहिले.

रेवतीनं लिहिलं, "पायऱ्या नकोत. पलीकडे म्हशींच्या येण्याजाण्यानं उतार पडलाय. तोंडाशी दोन धोंडे आहेत, तेवढे हलवा."

"तीन आहेत," काकांनी कळवलं. "तिसरा मी कपाळानं मोजलाय. आणि कडेनं वाळकी पानं पसरा. पायाखाली वाजली की मला वाट कळते."

गटात चुकून आलेल्या रानडुकरानं लिहिलं, "धोंडे मी ढकलतो. कधी येऊ?"

"आत्ता ये, मेल्या!" काकांनी फर्मावलं.

डॉक्टर मासा गिळून परतले, तर एकशे बारा संदेश! "थांबा!" त्यांनी घाईघाईनं लिहिलं. "चर्चेची चौकट अजून ठरायची आहे!"

पण वाचायला वडाखाली होतं कोण? रेवती गुडघाभर पाण्यात उभी होती. पीत होती, दम घेत होती, पुन्हा पीत होती. काका पानं वाजवत उतरत होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारा वाघसुद्धा त्याच उतारानं आला. घाबरू नका, रेवती तेव्हा घरी होती. आणि त्याचे गुडघे फार दुखायचे.

"डॉक्टरसाहेब," रेवतीनं नंतर विचारलं, "प्रबंधावर आमची नावं येतील ना?"

"म्हणजे काय! शेवटच्या पानावर, आभारांत. हे बघा, पान पाठवलं."

भिकूकाकांचा मोबाइल म्हणाला, "चित्र."

तात्पर्य : संशोधनात सर्वांना जरूर सहभागी करून घ्यावं, पण गटाचं कुलूप रोज तपासावं. चुकून उघडं राहिलं, तर प्रबंध पुरा व्हायच्या आधीच प्रश्न सुटून जातो.